मातीतील जस्त आणि ताटातील मऊ भात

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची भूक मंदावली, दात साथ देईनासे झाले, किंवा आजारपणानंतर अंगात त्राण उरले नाही, की महाराष्ट्रातील बहुतेक घरांत एकच पथ्य सुचते. गुरगुट्या मऊ भात, वर साजूक तूप, चिमूटभर मीठ आणि असल्यास मेतकूट. कोकणात त्याची जागा पेज घेते. हे अन्न पचायला हलके, गिळायला सोपे आणि मनाला धीर देणारे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु आठवडेच्या आठवडे भात हाच आहाराचा मुख्य, आणि पुष्कळदा जवळजवळ एकमेव, आधार होऊन बसतो तेव्हा त्या शितात नेमके काय आहे, हे विचारणे अगत्याचे ठरते.

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण स्वयंपाकघरातून निघून भाताच्या खाचरात जाऊन पोहोचतो. दाण्यात जे नाही ते मातीतून आलेले नाही, किंवा मातीत असूनही रोपाला मिळालेले नाही. हा प्रवास समजून घेतला, तर घरातील ज्येष्ठांच्या ताटात काय वाढावे याचा निर्णय अधिक डोळसपणे करता येईल. ज्यांची गावाकडे थोडीफार भातशेती आहे, त्यांना शेताकडेही नव्या दृष्टीने पाहता येईल.

मात्रा अल्प, काम मोठे

भाताच्या रोपाला नत्र, स्फुरद आणि पालाश भरपूर लागतात, हे शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. लोह, जस्त, मँगनीज, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम ही द्रव्ये मात्र अगदी थोडी लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. किती थोडी, याचा हिशेब करून पाहा. एका हेक्टरात ५ टन भात पिकला आणि त्याच्या प्रत्येक किलोत २० मिलिग्रॅम जस्त असले, तर त्या संपूर्ण पिकाच्या दाण्यांतून बाहेर गेलेले जस्त भरते अवघे १०० ग्रॅम. दुकानात ज्याला आपण झिंक म्हणतो, तेच हे जस्त.

एवढ्याशा जस्ताशिवाय रोपाचे चालत नाही. वाढीची संप्रेरके तयार करणे, प्रथिने घडविणे आणि अनेक विकरांना कार्यक्षम ठेवणे ही कामे त्याच्यावर अवलंबून असतात. लोहाविना पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. बोरॉन कमी पडले तर परागकण नीट घडत नाहीत आणि लोंबीत पोचट दाण्यांचे प्रमाण वाढते. वनस्पतींना जस्त अत्यावश्यक आहे, हे सॉमर आणि लिपमन या संशोधकांनी १९२६ मध्ये सूर्यफूल व बार्लीवर प्रयोग करून दाखवून दिले होते. भाताच्या बाबतीत मात्र आपल्या देशाला त्याचा अर्थ कळायला आणखी चार दशके जावी लागली.

खैरा रोगाचे निदान

साठच्या दशकात उत्तर प्रदेशाच्या तराई भागात, हिमालयाच्या पायथ्याशी, पंतनगरचे कृषी विद्यापीठ नुकतेच उभे राहिले होते. तेथील भातशेतीत एक विचित्र रोग दिसू लागला. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांच्या बुडाशी पिवळेपणा येई, मग पानांवर तांबूस तपकिरी ठिपके पसरत आणि रोपे खुजी राहत. दुरून पाहिले तर शेतावर काताचा रंग चढल्यासारखा भासे. खैराच्या लाकडापासून काढलेल्या काताचा तो रंग, म्हणून नाव पडले खैरा.

लक्षणे पाहता हा बुरशीचा किंवा विषाणूचा प्रादुर्भाव असावा, अशी शंका येणे स्वाभाविक होते. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी या रोगाचा छडा लावला. कोणताही जंतू जबाबदार नसून मातीतील जस्ताची कमतरता हे त्याचे कारण आहे, असे त्यांनी १९६६ मध्ये मांडले. उपाय विलक्षण साधा निघाला. ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो चुना १००० लिटर पाण्यात मिसळून एका हेक्टरावर फवारले, की रोपे सावरत. हा उपाय पुढे देशभर रुजला.

या घटनेत ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांसाठीही एक बोध आहे. दिसायला जो आजार वाटतो, त्याच्या मुळाशी कधी कधी एखाद्या पोषकद्रव्याची साधी उणीव असते. आणि उणीव असेल तर जालीम औषधाचा मारा करून काही साध्य होत नाही.

भारतातील तपासलेल्या मृदा-नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत उपलब्ध जस्त कमी आढळले आहे. अधिक उत्पन्न देणारे वाण आले, एकाच शेतातून वर्षाला दोन-तीन पिके निघू लागली, शेणखत घटले आणि खतांचा भर नत्र-स्फुरदावर राहिला. जमिनीतून जे जात होते, ते सारे परत येत नव्हते.

पाण्याखालची माती

भाताचे खाचर ही एक निराळीच सृष्टी आहे. चिखलणी करून पाणी साठविले, की काही दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो. पृष्ठभागावर काही मिलिमीटर जाडीचा थर तेवढा हवेशीर राहतो. त्याखाली प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. हे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी मातीतील लोहाचा उपयोग करतात आणि न विरघळणाऱ्या लोहाचे विरघळणाऱ्या लोहात रूपांतर करतात. म्हणूनच पाण्यात उभ्या असलेल्या भाताला लोह सहसा कमी पडत नाही, पण चुनखडीच्या जमिनीत पाण्याविना पेरलेल्या भाताची कोवळी पाने मात्र पिवळी पडू शकतात. उलट कोकणातल्यासारख्या आम्लधर्मी तांबड्या मातीत, निचरा न होणाऱ्या सखल खाचरांत, हेच लोह अतिरिक्त होऊन रोपाला बाधण्याचा संभव असतो.

जस्ताची गोष्ट याच्या उलट आहे. माती सतत पाण्याखाली राहिली की जस्त अन्य द्रव्यांशी बांधले जाते आणि मुळांच्या हाती लागत नाही. स्फुरदयुक्त खतांचा अतिरेक झाला, तर ही अडचण आणखी वाढते. शेत दीर्घकाळ तुंबून मातीला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला आणि मुळे काळी पडली, तर जस्ताचा काही भाग गंधकाशी संयोग पावून अडकला असण्याची शक्यता असते. मधून मधून पाणी काढून माती जरा हवेशीर होऊ देण्याची पद्धत यासाठीच उपकारक ठरते. तिने पाण्याची बचत होते आणि खाचरातून उठणारा मिथेन वायूही कमी होतो.

मुळांभोवतीचे मदतनीस

मातीत जस्त असणे आणि ते रोपाला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात आले की उपयुक्त जिवाणूंचे महत्त्व कळते. भाताची मुळे शर्करा आणि आम्ले मातीत सोडत असतात. या मेजवानीवर जगणाऱ्या जिवाणूंची दाट वस्ती मुळांच्या अवतीभवती असते आणि त्यांतील कित्येक जण आपल्या यजमानाची परतफेड करतात.

बॅसिलस आणि स्यूडोमोनास या कुळांतील काही जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले स्रवतात. त्यामुळे मुळांलगतची माती किंचित आम्लधर्मी होते आणि बांधलेले जस्त व स्फुरद सुटे होतात. काही जिवाणू लोहाला घट्ट धरून ठेवणारी द्रव्ये तयार करतात. ॲझोस्पिरिलम हा जिवाणू हवेतील नत्र थोड्याफार प्रमाणात स्थिर करतो, शिवाय मुळांची वाढ करणारी संप्रेरके निर्माण करतो. मुळांना तंतू अधिक फुटले, की ती अधिक मातीपर्यंत पोहोचतात आणि अधिक अन्नद्रव्ये गोळा करतात. गवतवर्गीय पिकांशी असलेले या जिवाणूचे नाते १९७० च्या दशकात ब्राझीलमधील संशोधिका योहाना डोबरायनर यांच्या कार्यामुळे जगापुढे आले.

भाताच्या शेतात वर्षानुवर्षे खत न घालताही काही ना काही पिकते, याचे कोडे पूर्वीच्या शास्त्रज्ञांना पडले होते. भारतीय संशोधक पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले, की पाण्यावर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र धरून ठेवते आणि खाचराची सुपीकता त्यामुळे टिकते. शेवाळ म्हणून ओळखले जात असले, तरी हे सजीव वस्तुतः जिवाणूच आहेत. त्यांतीलच ॲनाबिना हा प्रकार ॲझोला या चिमुकल्या पाणनेच्याच्या पानांतील पोकळीत राहतो. चीन व व्हिएतनाममधील शेतकरी शतकानुशतके ॲझोला खत म्हणून वापरत आले आहेत.

येथे सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि जिवाणू यांची आणखी एक गाठ पडते. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या प्रमुख विकरात लोह आणि मॉलिब्डेनम असते. म्हणजे जिवाणू रोपाला अन्नद्रव्ये मिळवून देतात, आणि त्या जिवाणूंना आपले काम करण्यासाठी तीच सूक्ष्म द्रव्ये हवी असतात. माती उपाशी राहिली, की मदतनीसही उपाशी राहतात.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जिवाणू जस्त निर्माण करीत नाहीत. मातीत असलेले मोकळे करतात. ज्या जमिनीत मुळातच जस्त अत्यल्प आहे, तेथे केवळ जिवाणू खत घालून भागणार नाही. जमीन, पाणी, हवामान आणि खताचा ताजेपणा यांनुसार परिणामही कमी-अधिक होतात.

दाण्यापर्यंत पोहोचते किती?

शेत सुधारले म्हणजे भाताचा दाणा आपोआप पौष्टिक झाला, असे समजणे घाईचे होईल. मातीत दिलेल्या जस्ताने रोप निरोगी होते आणि उत्पन्न वाढते. दाण्यातील जस्त मात्र बेताचेच वाढते. लोंब्या फुलोऱ्यात आल्यानंतर पानांवर केलेली जस्ताची फवारणी दाण्यासाठी अधिक परिणामकारक असते. सर्वांत मोठा फरक पडतो तो वाणामुळे. नेहमीच्या पांढऱ्या तांदळात किलोमागे साधारण १२ ते १६ मिलिग्रॅम जस्त असते. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने विकसित केलेल्या डीआरआर धान ४५ या वाणाच्या पॉलिश केलेल्या तांदळात ते २२.६ मिलिग्रॅम आहे.

आता ताटाचा हिशेब करू. दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ शिजविला, तर सामान्य तांदळातून सुमारे १.८ ते २.४ मिलिग्रॅम जस्त मिळेल, अधिक जस्ताच्या वाणातून सुमारे ३.४ मिलिग्रॅम. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचविलेली दैनंदिन गरज प्रौढ पुरुषासाठी १७ आणि स्त्रीसाठी १३.२ मिलिग्रॅम आहे. चांगले वाण उपकारक आहे, पण ताट केवळ भाताचे असेल तर दरी बुजत नाही.

दाणा गिरणीत गेल्यावर आणखी काही हिरावले जाते. लोहाचा मोठा भाग कोंड्याबरोबर निघून जातो. जस्त दाण्यात आतपर्यंत पसरलेले असल्याने त्याची हानी तुलनेने कमी होते. थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, मात्र फार घटते. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांना पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखी लक्षणे आढळली आणि या शोधमालिकेचा आरंभ झाला. त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या कोकण-गोव्याचा उकडा तांदूळ या दृष्टीने गुणी आहे. साळ उकडताना थायमिनचा काही भाग कोंड्यातून दाण्यात शिरतो आणि पॉलिश केल्यावरही टिकून राहतो. भाताचे पाणी ओतून देण्याऐवजी पेजेत ते राहू देणे हेही शहाणपणाचेच.

देहातील जस्त

वनस्पतीला जस्त लागते हे कळल्यानंतरही माणसाला त्याची उणीव भासू शकते, यावर वैद्यकशास्त्राचा बराच काळ विश्वास नव्हता. बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमधील शिराझ येथे काही तरुण रुग्ण आढळले. वय विशीचे, पण देह दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा. त्यांचा आहार मुख्यतः बिनआंबवलेल्या रोटीचा होता. हे वर्णन १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांच्या अभ्यासातून १९६३ मध्ये जस्ताची कमतरता हे कारण पुढे आले. जस्त दिल्यावर त्यांची वाढ सुरू झाली.

खुजे राहिलेले भाताचे रोप आणि खुजा राहिलेला तरुण यांच्यात हे साम्य योगायोगाचे नाही. कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचे जस्तयुक्त विकर भाताच्या पानात आहे, आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत आहे आणि लाळेतही आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण जस्त असते सुमारे २ ग्रॅम. तरीही जखम भरणे, रोगप्रतिकार, त्वचेचे आरोग्य, चव व गंध यांची जाणीव ही कामे त्याच्याशी निगडित आहेत.

उतारवयात याचे महत्त्व वाढते. आहार घटतो, चावता येत नाही म्हणून डाळी, दाणे, मांसाहार सुटतो, आणि काही औषधांमुळे शोषणही कमी होते. चव कळेनाशी झाली की अन्नावरची वासना उडते. अन्न घटले की जस्त आणखी घटते. हे चक्र हळूहळू फिरते आणि घरातल्यांना वाटते, की आता वयच झाले. अर्थात चव जाण्यामागे औषधे, तोंडाचा कोरडेपणा, दातांचे विकार, मधुमेह अशी इतरही अनेक कारणे असतात. म्हणून स्वतःच निदान न करता डॉक्टरांशी बोलावे.

आंबवणातील जिवाणू

धान्य आणि कडधान्यांतील जस्ताला एक अडसर असतो, त्याचे नाव फायटेट. हे द्रव्य जस्ताला व लोहाला आतड्यात धरून ठेवते आणि शोषू देत नाही. शिराझच्या रुग्णांच्या रोटीतही हाच अडसर होता. हातसडीच्या तांदळात खनिजे अधिक असतात, तसे फायटेटही अधिक असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

या अडसरावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात फार जुना आहे. तांदूळ-उडदाचे पीठ रात्रभर आंबते, तेव्हा त्यातील जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. पीठ आम्लधर्मी झाले, की धान्यातलेच फायटेज हे विकर जागे होते, फायटेट तोडते आणि जस्त मोकळे होऊ लागते. खाचरात मुळांभोवतीचे जिवाणू आम्ल स्रवून मातीतील जस्त सोडवितात. पातेल्यातील जिवाणू दाण्यातील जस्त सोडविण्यास हातभार लावतात. इडली, आंबोळी, आंबील हे पदार्थ मऊ असतात, गिळायला सोपे असतात आणि पोषणाच्या दृष्टीनेही साध्या भातापेक्षा सरस ठरतात. कडधान्यांना मोड आणल्यानेही फायटेट घटते.

काळजी घेणाऱ्यांसाठी

मऊ भात बंद करू नये. त्याला सोबत द्यावी. तांदळाबरोबर मुगाची डाळ शिजवावी. भाजलेल्या तिळांची बारीक पूड चमचाभर कालवावी. १०० ग्रॅम तिळांत ७ मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते. दही, दूध, मऊ उकडलेले अंडे, मोड आलेल्या मुगाचे गाळून घेतलेले कढण, चालत असल्यास मासे किंवा खिम्याचा मऊ पदार्थ, यांपैकी काही ना काही रोज पोटात जावे. कोकणातील कालवे तर जस्ताचा मोठाच साठा आहेत. मात्र ती नीट शिजविलेलीच द्यावीत. हातसडीचा तांदूळ द्यायचा असेल तर आधी भिजवून, कुकरमध्ये पुरेसा मऊ करावा. तो लवकर खवट होतो, म्हणून थोडाथोडाच आणावा.

मधुमेह असल्यास भाताचे प्रमाण आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळीचे प्रमाण डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. घास घशात अडकत असेल, जेवताना वारंवार खोकला येत असेल, तर पदार्थ बदलण्यापूर्वी तपासणी आवश्यक आहे.

कपडे सैल होणे, आवडीचा पदार्थही बेचव लागणे, बारीकशी जखम दीर्घकाळ न भरणे, वारंवार जुलाब होणे या गोष्टींची तारीखवार नोंद ठेवावी. दर महिन्याला वजन लिहून ठेवावे. पुढच्या भेटीत ही वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर त्यांचे काम सोपे होते.

जस्ताच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नयेत. प्रौढांसाठी दिवसाला एकूण ४० मिलिग्रॅम ही सामान्यतः सुरक्षित कमाल मर्यादा मानली जाते. दीर्घकाळ अधिक जस्त घेतल्यास शरीरातील तांबे घटते आणि त्यातून रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार होऊ शकतात. कवळी घट्ट बसविण्याच्या काही क्रीममध्ये असलेल्या जस्ताच्या अतिवापरामुळेही असे विकार झालेले आढळले आहेत. काही प्रतिजैविकांचे शोषण जस्ताच्या गोळ्यांमुळे कमी होते, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी. आणि शेतीचे झिंक सल्फेट हे शेतापुरतेच. ते औषध म्हणून कदापि घेऊ नये, खाद्यपदार्थांजवळ ठेवूही नये.

गावी शेती असेल तर

आपल्यापैकी पुष्कळांचे खाचर आज भाऊबंद किंवा वाटेकरी कसत असतील. त्यांना सांगण्याजोग्या काही गोष्टी आहेत. प्रथम माती तपासून घ्यावी आणि त्या अहवालात सूक्ष्म अन्नद्रव्यांचाही समावेश असावा. जस्त कमी आढळल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट ही सर्वसाधारण शिफारस आहे. मात्र ते स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये, कारण दोन्ही एकमेकांत अडकतात.

जिवाणू खत हा सजीव पदार्थ आहे, याचे भान ठेवावे. पाकिटावरील मुदत पाहावी, ते सावलीत ठेवावे, रासायनिक खतात कालवू नये. साधारणतः १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम हे प्रमाण वापरतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी आणि जिवाणू खत शेवटी. सेंद्रिय खताविना मात्र हे पाहुणे मातीत फार काळ टिकत नाहीत. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, नियंत्रित अंतरावर लावणी आणि खताच्या गोळ्या खोचणे ही चारसूत्री पद्धत कोकणातील शेतकऱ्यांना परिचित आहे. जे जमिनीतून घेतले त्यातले काही तिला परत देणे, हा तिच्यातील महत्त्वाचा विचार आहे.

लावणीच्या हंगामात हौसेने शेतावर जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी एक सावधगिरी. खाचरातले सगळेच जिवाणू मित्र नसतात. उंदीर-घुशींच्या व गुरांच्या मूत्रातून चिखलात आलेले लेप्टोस्पायरा हे जिवाणू पायाच्या छोट्या जखमेतूनही शरीरात शिरतात. पायाला भेग किंवा जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर चिखलात उतरू नये. उतरणे भागच असल्यास जखम झाकावी, गमबूट घालावेत आणि नंतर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. शेतावर जाऊन आल्यानंतरच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसली, तर अंगावर काढू नये. आपण चिखलात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

वाचकहो, खाचरातील माती वर्षभरात सुधारत नाही आणि गिरणीतून येणारा तांदूळ आपल्या इच्छेने बदलत नाही. ताटात काय वाढावे हे मात्र आजच ठरविता येते. तिळाची पूड, एक वाटी कढण, आठवड्यातून दोनदा आंबोळी. एवढ्या बदलाला फारसा खर्चही नाही. आजपासून महिनाभर हे करून पाहा, वजनाची नोंद ठेवा, आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारा, की जेवणाला आता चव लागते का.